पोर्ट लुईसची शनिवार दुपार

मागे ऐकू येतंय ना? बरं. विषय पत्रिकेवर छापलाय, 'पोर्ट लुईस शनिवारी दुपारी रिकामं का होतं', आणि त्याचं उत्तर मी देणार आहे, पण आधी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

आम्ही मॉरिशसला पहिल्यांदा गेलो ते टूरबरोबर. आठ दिवसांत समुद्रकिनारे सहा, आणि राजधानीला, म्हणजे या पोर्ट लुईसला, वेळ किती, तर पाऊण तास! तोही कॉडन वॉटरफ्रंटच्या दुकानांत. मी गाइडला म्हटलं, अहो, इथून चालत गेलं तर आप्रवासी घाट आहे, आपली माणसं जिथे उतरली ती जागा, तेवढी दाखवा. तो म्हणाला, सर, प्रोग्राममध्ये नाही. मग मी आणि ही, आम्ही दोघंच उन्हातून तरातरा चालत निघालो, पोचलो तर रखवालदार फाटक ओढून घेत होता. शनिवार होता, आत सोडायची वेळ संपलेली. गजांतून काळे दगड दिसत होते आणि मागे बसचा हॉर्न वाजत होता. बसमध्ये येऊन बसल्यावर ही एक शब्द बोलली नाही, कारण हिच्या माहेरी, रत्नागिरीकडे, पणजोबांचा एक भाऊ 'मोरसला गेला तो गेलाच' असं अजून सांगतात. मोरस म्हणजे मॉरिशस. जुन्या लोकांना 'मोरस साखर' आठवत असेल, आठवते ना? बघा, हात वर होतायत! साखरेला ज्या बेटाचं नाव दिलं तिथल्या राजधानीला पाऊण तास देणाऱ्यांवरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जाऊ नये असंच मला वाटतं.

दुसऱ्यांदा गेलो ते आमचे आम्ही. या वेळी शनिवारी सकाळी आधी घाट. जागा किती लहान आहे हो! १,६४० चौरस मीटर, बाकीचा डेपो, म्हणजे भारतातून करारावर आलेल्या मजुरांना उतरवून घ्यायचा तळ, रस्त्याखाली आणि इमारतींखाली गेला. १८३४ साली 'अॅटलस' जहाजातून पहिले ३६ मजूर आले, हा डेपो त्यानंतरचा, १८४९ पासूनचा. १९२० पर्यंत जवळपास पाच लाख माणसं करारावर या बेटावर उतरली. बंदराकडून वर येणाऱ्या पायऱ्या सोळा. काळा बसाल्ट, आपल्या सह्याद्रीचाच दगड म्हणा ना, कडा झिजून गोल झालेल्या. ही खाली वाकली आणि तळहात ठेवून बसली. दगड तापलेला होता तरी हात काढला नाही. पलीकडे शिपायांच्या खोल्या, दवाखान्याचं दार, संडासांच्या भिंती. दोन दिवस इथे ठेवायचे, नंबर द्यायचे आणि मग उसाच्या मळ्यावर रवानगी. नाव जसं ऐकू आलं तसं कारकुनाने लिहिलं, म्हणून आजोबांचं पहिलं नाव नातवंडांचं आडनाव होऊन बसलंय. पूर्वी या जागेला 'कुली घाट'च म्हणायचे. २००६ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशात घेतलं.

तिथून बाजारात. धोल पुरी खाल्ली. डाळ शिजवून, दळून लाटीत भरलेली पातळ पोळी, आपल्या पुरणपोळीची तिखट मावसबहीण, जोडीनेच देतात, आत रस्सा आणि चटणी. वर आलुदा, म्हणजे दूध, चायना ग्रास आणि सब्जा. पैसे देताना हिने नोट उलटीसुलटी केली आणि म्हणाली, अहो, देवनागरी! खरंच, तमिळ आणि हिंदी दोन्ही आहेत त्यांच्या रुपयावर. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, हे तर तुम्हाला माहीतच असेल.

एक वाजला तशी शटरं धडाधड खाली यायला लागली. अर्ध्या तासात रस्त्याच्या मधोमध चालता येईल इतकी शांतता. प्लास द आर्म चौकात ताडांच्या रांगेत ला बूर्दोनेचा पुतळा उभा, १७३५ मध्ये गव्हर्नर म्हणून आला आणि बंदर वसवलं ते त्यानेच. कंपनी गार्डनमध्ये वडाच्या पारंब्यांखाली दोन म्हातारे डुलक्या घेत होते. वर सिटाडेल, म्हणजे टेकडीवरचा किल्ला, चढलो. तिथून शाँ द मार्सचं रेसकोर्स दिसतं, १८१२ चं, आणि १२ मार्च १९६८ ला स्वातंत्र्याचा झेंडा फडकला तो याच मैदानात. मागे पीटर बॉथ डोंगर, टोकावर गोल दगड, मान तिरपी करून बघितलात तर चक्क डोकं दिसतं.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं राहिली म्हणे. बरं, मग उत्तर.

गर्दी जाते कुठे? वर. १८६४ मध्ये रेल्वे सुरू झाली आणि दोन-तीन वर्षांत मलेरियाची भयंकर साथ आली, हजारो माणसं गेली. ज्यांना परवडत होतं त्यांनी खालचं दमट बंदर सोडलं आणि थंड पठारावर, क्युरपिपकडे बिऱ्हाड हलवलं. रेल्वे असल्यामुळे नोकरी खाली आणि घर वर, हे जमून गेलं. रेल्वे पुढे बंद पडली पण सवय काही मोडली नाही. आता मेट्रो आलीय तीही बराच भाग जुन्या रेल्वेच्याच वाटेने जाते. म्हणजे शनिवारी दुपारी तुम्ही जी शांतता ऐकता ना, तिची सुरुवात त्या साथीत आहे.

आणि जे गेले नाहीत, ज्यांना जाणं परवडलंच नाही ते, आणि छोटे दुकानदार, त्यांचं शहर दुपारनंतर दिसतं. चायनाटाउनच्या मागच्या गल्लीत आम्ही पाहिलं, खुर्च्या बाहेर आल्या, कुणी रेडिओ लावला, एक बाई उंबऱ्यात बसून कोथिंबीर निवडत होती. तिने हिला हाताने खूण केली, बस. भाषा एक नाही, तरी दोघी अर्धा तास कोथिंबीर निवडत बसल्या.

वेळ संपली. मोका गावात महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या सगळ्या मजुरांच्या नोंदी जपून ठेवल्यात, काहींचे फोटोसुद्धा. आम्ही हिच्या पणजोबांच्या भावाचं नाव देऊन आलोय, अजून उत्तर यायचंय. तुमच्यापैकी कुणाच्या घरात मोरसला गेलेल्या माणसाचं नाव, गाव, काहीही माहीत असेल तर मला खाली गाठा, मी कागद-पेन घेऊन दारातच उभा आहे.