जुन्या तबकडीचे पाठभेद

पत्रिकेवर ‘विस्मृतीतल्या सायकेडेलिक अल्बमच्या नव्या आवृत्त्या’ असा विषय छापलाय. सायकेडेलिक म्हणजे साठच्या दशकातलं ते भासमय, स्वप्नात ऐकल्यासारखं संगीत. संयोजक म्हणत होते, सरळ ‘रिइश्यू’ ठेवा. मी आवृत्तीवर अडून बसलो. का, ते शेवटी सांगतो.

आधी एक भांडण. बोनस ट्रॅक, म्हणजे नव्या आवृत्तीत मूळ अल्बमच्या शेपटाला जोडलेली जास्तीची गाणी! साठच्या दशकातला असाच एक विसरला गेलेला अल्बम मी मोठ्या हौसेनं सीडीवर आणला. रात्री, दिवा मालवून ऐकला. शेवटचा सूर विरला, आता जरा शांत बसावं म्हटलं, तर तेच गाणं पुन्हा सुरू! डेमो म्हणे, म्हणजे कच्चं ध्वनिमुद्रण. मध्येच कुणीतरी खोकलं, ते थांबले, पुन्हा पहिल्यापासून. भैरवी झाल्यावर गवयानं तानपुरा जुळवायला घ्यावा, तसं. अशी नऊ गाणी. पुढं म्हणे तिसरी डिस्कही निघाली. ती मी घेतली, हा भाग वेगळा. (हशा)

पण ह्याच नव्या आवृत्त्यांतून कधी घबाडही हाती लागतं. लिंडा पेरहॅक्स घ्या. ह्या बाई कॅलिफोर्नियात दंतवैद्यकात, दात साफ करण्याचं काम करायच्या. चित्रपट-संगीतकार लेनर्ड रोझनमन तिथं रुग्ण म्हणून येत. बाई गाणी रचतात हे कळल्यावर त्यांनी ती ऐकली. तोंडात अवजारं असताना माणूस ‘नाही’ म्हणू शकत नाही, हा माझा तर्क. इतिहासात तसं नाही. 1970 साली ‘पॅरलेलोग्राम्स’ निघाला. आवाजांवर आवाज रचत नेलेले, मध्येच गाणं विरघळून नुसता नाद उरावा असे. पण तबकडी छापली इतकी वाईट की खुद्द बाईंनाच ती ऐकवेना. अल्बम पडला, बाई पुन्हा कामावर रुजू. 1998 मध्ये एका हौशी माणसानं तो सीडीवर आणला आणि मग बाईंचा शोध लागला. त्यांनी जपून ठेवलेल्या टेपवरून पुढची, ऐकण्याजोगी आवृत्ती निघाली. दुसरा अल्बम 2014 साली. मध्ये चव्वेचाळीस वर्षं!

चिठ्ठी आलीय. पाचच मिनिटं? बरं, मग मुद्द्यावरच येतो.

द झॉम्बीज ह्या इंग्रज बँडचा ‘ओडेसी अँड ओरॅकल’ हा अल्बम. मुखपृष्ठावर ओडेसीचं स्पेलिंगच चुकलंय. चित्रकाराची चूक, ती तशीच राहिली. ध्वनिमुद्रण 1967 मध्ये, मुख्यतः लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत. 1968 साली अल्बम बाजारात आला तोवर बँड फुटलेला. 1969 मध्ये त्यातलं एक गाणं अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर गेलं आणि ते वाजवायला बँडच नाही! तर, अल्बम करताना ह्यांनी मोनो मिक्स, म्हणजे सगळे आवाज एकत्र मिसळून दोन्ही कानांना एकच ऐकू येईल असं रूप, दिल्यावर कंपनीनं स्टिरिओही मागितलं, डाव्या-उजव्या कानाला वेगवेगळं ऐकू येणारं. पैसे संपलेले; दोघांनी पदरमोड करून ते केलं. पण ‘धिस विल बी अवर इयर’मधली पितळी वाद्यं मोनो मिक्स करतानाच थेट त्यावर चढवलेली. मूळ टेपवर ती नाहीतच! म्हणून पुढं मूळ टेपवरून निघालेल्या खऱ्या स्टिरिओत ती वाद्यं गायब.

मग अस्सल गाणं कुठलं? एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा निवड करावीच लागली ना? रिइश्यू काढणाराही निवडतो: टेप कुठली, मोनो की स्टिरिओ, खरखर किती पुसायची. तो संपादक आहे, म्हणून माझा ‘आवृत्ती’चा हट्ट. त्याचं नाव मात्र पुस्तिकेत शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात.

दोन्ही पाठ ऐकवणार होतो. वेळ एकाचीच आहे म्हणता? मोनो लावा. पितळी वाद्यांकडे कान द्या.