मृत्युदर नेमका कशाने बदलतो?

नमस्कार, श्रोतेहो.

16 जून 2020. आपल्या महाराष्ट्रातल्या कोविड मृतांची एकूण संख्या त्या एका दिवसात 4,128 वरून 5,537 वर गेली. आदल्या दिवशी सुमारे 3.7 टक्के असलेला मृत्युदर 4.9 टक्क्यांना टेकला. विषाणू काही रातोरात बदलला नव्हता. आधीच होऊन गेलेले, पण यादीत यायचे राहिलेले 1,328 मृत्यू त्या दिवशी नोंदले गेले. त्यांतले 862 एकट्या मुंबईतले.

मृत्यू भागिले रुग्ण, की झाला मृत्युदर, असं आपण धरून चालतो. साथ भरात असताना हा हिशेब फसतो. कोविडने आज दगावलेला माणूस बहुधा दोन-तीन आठवड्यांपूर्वी आजारी पडलेला असतो. समजा, एकूण रुग्ण दर आठवड्याला दुप्पट होताहेत. आज 8,000 आहेत, म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी 1,000 होते. मृत्यू 50. आठ हजारांनी भागा, एक टक्काही येत नाही. हे 50 जण ज्या हजारांतले, त्या हजाराने भागा, पाच टक्के येतात! पुढे लाट ओसरली, नवे रुग्ण घटले, तरी मृत्यू काही आठवडे होतच राहतात. दर चढतो, आणि रोग अधिक जीवघेणा झाला म्हणून लोक धास्तावतात.

2003 मध्ये सार्स या श्वसनरोगाच्या साथीत हेच झालं. सुरुवातीला दर चार टक्क्यांच्या आसपास सांगितला जायचा. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने सुधारित अंदाज दिला, 14 ते 15 टक्के. साथ संपल्यावर जगभरचा हिशेब लागला: 8,096 रुग्ण, 774 मृत्यू, म्हणजे साडेनऊ टक्क्यांच्या थोडं वर. हाँगकाँगमध्ये तर साठीच्या आतल्या रुग्णांत अंदाज होता 13 टक्के आणि साठीपुढच्यांत 43. म्हणून एखाद्या महिन्यात तरुण रुग्ण जास्त आले, तर कुणाच्याही वाट्याचा धोका कमी न होता सरासरी खाली येते. वयोगटवार आकडे मागायचे ते यासाठी.

भागाकारातली खालची संख्याही तितकीच निसरडी. चाचणीच न झालेले बाधित तिच्यात नसतात. जुलै 2020 मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणी झाली, तेव्हा झोपडपट्टीतल्या सुमारे 57 टक्के लोकांत अँटिबॉडी, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची रक्तातली खूण, सापडल्या, इतरत्र 16 टक्क्यांत. नोंदलेल्या रुग्णांपेक्षा खरे बाधित कितीतरी पट जास्त होते. चाचण्या वाढवल्या की सौम्य रुग्णही मोजले जातात आणि दर उतरतो. त्या उतरण्यात उपचारांचं श्रेय किती, हे वेगळं काढावं लागतं.

त्यासाठी मला सगळ्यात मोलाची वाटते ती मृत्यूची खरी तारीख. ज्या दिवशी कळवलं तो दिवस नव्हे, ज्या दिवशी माणूस गेला तो. ते 1,328 मृत्यू आपापल्या तारखांना लावले, की आलेखावरचा 16 जूनचा सुळका नाहीसा होतो आणि आधीचे, त्या वेळी सौम्य भासलेले आठवडे उंच होतात.