भिंतीवरची माटोळी

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली मराठी प्राथमिक शाळा. चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, सुट्टी नुकतीच संपलीय. बाई विचारतात, ‘‘माटोळीला काय काय बांधलंत?’’ माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली लाकडी चौकट; तिला रानातली फळं-फुलं बांधतात. नेहमीचे तिघे हात वर करतात. बाकीचा वर्ग गप्प.

या गप्प बसण्याचं कारण गोव्यातल्या शिक्षकाला ठाऊक असतं. घरात कोंकणी, वर्गात मराठी. रानातल्या फळाचं नाव मुलाला येतं ते आजीच्या तोंडचं. ते इथे चालेल का, या विचारात तास संपतो.

आज बाईंनी पॅडलेट उघडलंय. हा ऑनलाइन फळा. भिंतीवर चिठ्ठ्या डकवाव्यात तसं यावर कुणीही लिहितं, फोटो लावतं. मुलांना खातं काढावं लागत नाही, लिंक पुरते. वर्गात टॅब एकच आहे, त्यामुळे तो चौघाचौघांच्या गटांत फिरतो. चिठ्ठीवर नाव दिसत नाही, आणि बाईंनी मंजूर केल्याशिवाय ती झळकतही नाही. ही मंजुरीची सोय लहान मुलांच्या वर्गात बंद ठेवूच नये, असं मला ठामपणे वाटतं.

चिठ्ठ्यांवर कवंडळ आलं, तोरिंजन आलं, आंबाडे आले. मग एक चिठ्ठी आली: ‘घागऱ्यो. सुकल्यो काय वाजतात.’ म्हणजे रानातल्या शेंगा, सुकल्या की वाजणाऱ्या.

खाली कुणीतरी विचारलं: ‘कित्याक वाजतात?’ का वाजतात?

बाईंनी इथे टॅब बाजूला ठेवला. माझ्या मते सगळा तास या एका क्षणात आहे. चिठ्ठ्या भरल्या म्हणजे चर्चा झाली असं नाही. चर्चा आता सुरू होते. बाईंनी चिठ्ठी मोठ्याने वाचली, कोंकणीतच, एक अक्षर न बदलता. ‘‘कुणाला सांगता येईल?’’ शेवटच्या बाकावरून हळूच आवाज आला, ‘‘आत बिया सुटतात, बाई.’’

या वर्गात त्या मुलीचा आवाज क्वचितच ऐकू येतो.

पावसात इथली रेंज जाते, तेव्हा कागदाच्या चिठ्ठ्या आणि खळ असतेच. आणि असे फळे कायमचे नसतात. गुगलचा जॅमबोर्ड ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाला. म्हणून बाई प्रत्येक फळ्याची पीडीएफ उतरवून ठेवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी दप्तरातून सुकलेली शेंग काढते. शेजारच्या मुलाच्या कानापाशी नेते. हलवते.

‘‘आयकलें?’’