हूल आणि कंबर

नमस्कार मंडळी. ओळख करून देताना अध्यक्षांनी मला 'पोकरतज्ज्ञ' म्हटलं. हे घरी कळलं तर रात्रीचं जेवण अवघड आहे. (हशा) मी बँकेच्या कर्जखात्यातून निवृत्त झालेला माणूस. संध्याकाळी तासभर ऑनलाइन टेबलावर बसतो, तेही फुकटच्या चिप्सवर. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा बऱ्याच जणांचे फोन आले, तुमचं कसं होणार म्हणून. माझं काय व्हायचंय? मी मुळातच चिकट.

विषय असा, की समोरचा ब्लफ करतोय, म्हणजे पत्ते नसताना रक्कम लावून आपल्याला डाव सोडायला लावतोय, हे ऑनलाइन कसं ओळखायचं. ब्लफला आपल्याकडे नेमका शब्द आहे: हूल. थाप वेगळी. थाप तोंडानं मारतात, हूल अंगानं देतात. लहानपणी कबड्डी खेळलेले इथे बरेच दिसतायत, पोटं सुटली असली तरी. आमचे एक सर सांगायचे, चढाईवाल्याच्या डोळ्यांकडे बघू नका, हाताकडे बघू नका, कंबर बघा. डोळे कुठेही फिरवता येतात, त्याला काही पडत नाही. कंबर वळवायची तर अख्खं वजन त्या बाजूला टाकावं लागतं. माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे, की ऑनलाइन पोकरमध्येही कंबर असते. लोक मात्र डोळे शोधत बसतात. पडद्यावर डोळे नाहीत, म्हणून मग घड्याळ बघतात. 'फार वेळ लावला, म्हणजे हूल. पटकन लावले, म्हणजे पत्ते आहेत.' या घड्याळशास्त्रावर माझा राग आहे, आणि त्याचं कारण माझा भाचा आहे.

हे जरा सविस्तर सांगतो. भाचा नाशिकला असतो. एका पावसाळ्यात आम्ही दोघं एकाच टेबलावर. माझ्या हातात बदामचा राजा आणि बदामची राणी. टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच पत्ते असतात, त्यातले पहिले तीन उघडले: इस्पिकचा राजा, इस्पिकची सत्ती, चौकटची दुर्री. राजाची जोडी झाली, मी खूश. मी लावले, त्याने मुकाट्याने तेवढेच भरले. चौथा पत्ता किलवरची पंजी. मी पुन्हा लावले, त्याने पुन्हा भरले. पाचवा पत्ता, इस्पिकची तिर्री. इतका वेळ गरीब गाईसारखा चाललेला हा मुलगा आता थांबला. थांबला तो थांबलाच. त्याच्या नावाभोवतीचं ते वेळेचं वर्तुळ संपत आलं, आणि शेवटच्या क्षणी त्याने पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, होत्या तेवढ्याच चिप्स पुढे सारल्या.

मी मनात म्हटलं, सापडलास! इतका वेळ कशाला लागतो? धीर गोळा करत होता. मी ऐटीत कॉल केला, म्हणजे तेवढ्याच भरल्या. त्याच्याकडे इस्पिकची नव्वी-दश्शी. तीन पत्तीत आपण ज्याला कलर म्हणतो तोच, पण पाच पत्त्यांचा. माझ्या चिप्स साफ. लगेच फोन केला, अरे, एवढा कसला विचार करत होतास? तर म्हणतो, "मामा, लाइट गेली होती. वायफाय बंद पडलं. मोबाइलवरनं परत येईपर्यंत टाइम संपत आला."

म्हणजे मी कोणाचं मन वाचत होतो? वीजमंडळाचं! (हशा) आणि खरी गोष्ट समोर लिहिलेली होती. दोन इस्पिक असताना भरत राहिला, तिसरं आलं तेव्हा लावले. कलरची वाट बघणारा माणूस अगदी असाच खेळतो.

कर्जखात्यातही हेच. घाम पुसत, अडखळत बोलणारा माणूस हप्ता चुकवायचा नाही, आणि आमच्या साहेबांना अत्तराचा वास घेऊन आलेले गृहस्थ फार आवडायचे. त्यांच्या फायली पुढे माझ्याकडे वसुलीला यायच्या. ते राहू दे, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

काय? दहा मिनिटं? बरं.

मग घाईत सांगतो. चेहरा दिसला असता तर सोपं झालं असतं, असं म्हणणाऱ्यांसाठी 2003 सालची लास वेगासची पोकरची जागतिक स्पर्धा. ख्रिस मनीमेकर, खरंच आडनाव आहे हे, ऑनलाइन पात्रता फेरीतून आलेला अकाउंटंट. शेवटच्या दोघांत समोर सॅम फारहा, मुरलेला खेळाडू, हातभर अंतरावर. मनीमेकरचा फ्लशही, म्हणजे कलरही, हुकला, सीक्वेन्सही हुकला. त्याने सगळ्या चिप्स लावल्या. फ्लश हुकला असावा, हे फारहाने बोलूनही दाखवलं. अंदाज बरोबर! आणि तरी नव्व्यांची जोडी टाकून डाव सोडला. कारण चौथ्या पत्त्यावर मनीमेकरने रेझ केलेलं होतं, म्हणजे फारहाने लावलेली रक्कम वाढवली होती, गोष्ट जुळत होती. उलट 2017 मध्ये पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या प्रोग्रामने चार व्यावसायिकांना 1,20,000 डावांत हरवलं. त्याला कोणाचा चेहरा दिसत नव्हता.

तर कंबर म्हणजे पहिल्या पत्त्यापासून लावलेल्या चिप्सचा क्रम. प्रत्येक पायरीला विचारा, त्याच्याकडे ते पत्ते असते तर तो इथे असाच खेळला असता का? जो पत्ता आल्याने कोणाचंच काही सुधारत नाही, त्यावर अचानक मोठी रक्कम आली, तर शंका घ्या. मध्यम पत्तेवाला सहसा मोठी रक्कम लावत नाही, तो स्वस्तात पत्ते उघडायला बघतो. त्यामुळे मोठ्या रकमेमागे एक तर फार काही असतं, नाहीतर काहीच नसतं. इस्पिकचा एक्का तुमच्या हातात असेल तर समोरच्याकडे इस्पिकचा सगळ्यात मोठा कलर असूच शकत नाही, हे मोजा. आणि हिशेब: पॉटमध्ये 100, त्याने 100 लावले, तर तुम्ही 100 देऊन 200 मिळवायला बघताय. तीनात एकदा तो हूल देत असेल तरी तुमची बरोबरी. त्याने 50च लावले, तर चारात एकदा पुरे. दर वेळी बरोबर ओळखायची गरजच नाही. फुकटच्या टेबलावर मात्र यातलं फारसं चालत नाही, कारण तिथे सहसा कोणी पत्ते टाकत नाही. मग हूल द्यायची कोणाला?

चिठ्ठी आली. थांबतो. फक्त भाच्याचं राहिलं. मागच्या दिवाळीत पुन्हा तसाच डाव पडला. या वेळी गोष्ट अजिबात जुळत नव्हती, मला स्पष्ट दिसत होतं. पण तो थांबला, वर्तुळ संपत आलं, मला नाशिकची लाइट आठवली आणि मी पत्ते टाकले. नंतर फोन करून विचारलं, पुन्हा लाइट का रे?

म्हणाला, "नाही मामा. या वेळी नुसताच थांबलो होतो."