गायब काय व्हायला हवं?

नमस्कार. मागच्या रांगेत ज्यांना ऐकू येत नाहीये त्यांनी हात वर करा. तिघांनी केले. म्हणजे ऐकू येतंय.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'ब्लेंडिंग मोड आणि डबल एक्सपोजर'. ब्लेंडिंग मोड म्हणजे एकावर एक ठेवलेली चित्रं एकमेकांत कशी मिसळायची ते ठरवणारी सॉफ्टवेअरमधली सोय, आणि डबल एक्सपोजर म्हणजे एकाच चौकटीत दोन चित्रं. संयोजकांना ब्लेंडिंग मोडऐवजी 'मिश्रण-पद्धती' हवं होतं. मी हात जोडले. तो शब्द ऐकला की आधी बाटली हलवून घ्यावीशी वाटते. डबल एक्सपोजरकडे मी येणार आहे, पण त्याआधी एक सांगायचंय, जे ऐकून घ्यायला घरात आता कुणी उरलेलं नाही.

मोडची यादी उघडायची, एकेक नाव लावून बघायचं आणि 'हा बरा दिसतोय' म्हणून थांबायचं, हे बंद करा. आफ्टर इफेक्ट्स या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये तर त्याची सोयच करून ठेवलीय: लेयर, म्हणजे चित्राचा एक थर, निवडायचा आणि शिफ्ट धरून अधिकचं बटण दाबत राहायचं, मोड बदलत जातो. त्या एका बटणावर मी बरेच दिवस काढलेत. आता स्वतःला एकच प्रश्न विचारतो. वरच्या लेयरमधलं गायब काय व्हायला हवं? काळं जायला हवं असेल तर स्क्रीन. पांढरं जायला हवं तर मल्टिप्लाय. मधला राखाडी जायला हवा तर ओव्हरले. यादीतली बाकीची मंडळी पुष्कळदा यांचीच चुलत भावंडं असतात.

यात जादू नाही, शाळेतला गुणाकार आहे. पिक्सेलची किंमत काळ्याला 0, पांढऱ्याला 1. मल्टिप्लायमध्ये वरची किंमत गुणिले खालची. पांढऱ्याने, म्हणजे 1 ने, गुणलं की खालचं जसंच्या तसं राहतं, म्हणून पांढरं दिसेनासं होतं. अर्धा गुणिले अर्धा पाव, म्हणून चित्र गडद होतं. निमकी-पावकी पाठ असलेली चार डोकी समोर हसतायत, त्यांना पटलं. स्क्रीन म्हणजे तोच गुणाकार शीर्षासनात: दोन्ही किमती उलट्या करा, गुणा, उत्तर परत उलटं करा. अर्धा आणि अर्धा मिळून पाऊण. म्हणून उजळतं.

आणि हे काही संगणकाने शोधलेलं नाही. फ्रेंच चित्रपटकार जॉर्ज मेलिएसने 1898 साली पडद्यावर स्वतःचं डोकं काढून टेबलावर ठेवलं, मग दुसरं, मग तिसरं, आणि खांद्यावर चौथं होतंच. काळ्या पार्श्वभूमीवरून प्रकाशच येत नाही, त्यामुळे फिल्मचा तेवढा भाग कोरा राहतो. फिल्म मागे गुंडाळून त्याच कोऱ्या जागेवर पुन्हा चित्रण करायचं. काळं गायब, उजेड शिल्लक. आपण स्क्रीन मोड लावताना बहुतेक तेच करतो, फक्त फिल्म फाटायची भीती नाही.

आता माझं दुखणं. एका समारंभासाठी फिल्म करत होतो. कुणासाठी ते विचारू नका, अजून अधूनमधून काम देतात. बोधचिन्हाच्या मागे ज्योत हवी होती. काळ्या पार्श्वभूमीवरच्या ज्योतीची तयार क्लिप आणली, लहान करून मधोमध ठेवली, मोड स्क्रीन. माझ्या मॉनिटरवर देखणी! कार्यक्रमाच्या दिवशी दिवे मालवले, पडदा उजळला आणि ज्योतीभोवती राखाडी चौकोन. स्पष्ट, कडेसकट. मी खुर्चीत खाली खाली सरकतोय, आणि मागून एक गृहस्थ बायकोला सांगतायत, "बघ, वारा लागू नये म्हणून काच लावलीय."

झालं काय होतं, तर त्या क्लिपमधलं काळं काळं नव्हतंच. व्हिडिओत पुष्कळदा 8 बिटमध्ये, म्हणजे 0 ते 255 च्या मापात, काळं 0 ला नाही, 16 ला धरतात आणि पांढरं 235 ला. यातलं कुठलं माप धरलंय याची क्लिपमधली नोंद चुकीची होती, सॉफ्टवेअरने क्लिप 0 ते 255 समजून वाचली आणि काळं 16 वरच राहिलं. 255 पैकी 16 म्हणजे सहा टक्के उजेड. स्क्रीनने तो इमानेइतबारे खालच्या चित्रात मिसळला. माझ्या मॉनिटरचा ब्राइटनेस इतका उतरवलेला की मला तो दिसलाच नाही. वेव्हफॉर्म, म्हणजे चित्रातल्या उजेडाचा आलेख, उघडून बघितला असता तर तळाची रेघ शून्याच्या वर तरंगताना दिसली असती. तेव्हापासून क्लिपवर आधी लेव्हल्स, म्हणजे काळ्या-पांढऱ्याची हद्द ठरवणारं साधन, 16 च्या किंचित वरपर्यंतचं सगळं 0 वर दाबून, आणि मग स्क्रीन.

पुढचं ऐका. दुसऱ्या दिवशी क्लाएंटचा फोन. मी माफीचं वाक्य जुळवून ठेवलेलं. ते म्हणाले, "ती काचेची आयडिया छान होती, पुढच्या फिल्ममध्येपण ठेवा." ठेवली. वेगळे पैसे लावून.

चिठ्ठी आली. सहा मिनिटं. बरं, डबल एक्सपोजर, भराभर.

माणूस पांढऱ्या पार्श्वभूमीसमोर बाजूने उभा करा, उजेड मागून, म्हणजे आकृती जवळजवळ काळी येते. कर्व्हने, म्हणजे उजेड कमीजास्त करणाऱ्या वक्ररेषेने, ती आणखी दाबा. वरच्या ट्रॅकवर जंगल ठेवा, मोड स्क्रीन. पांढऱ्यावर स्क्रीनने काहीही घाला, पांढरंच राहतं. काळ्यात जंगल पूर्ण उगवतं. झाडं फक्त माणसात, तेही आकृतीच्या कडेने मास्क, म्हणजे कापायची रेघ, न काढता. चेहऱ्यावर थोडा उजेड राहू दिलात तर नाकडोळेही पानांतून दिसतात. ओपॅसिटी, म्हणजे वरच्या चित्राचा दाटपणा, निम्मी करून हे जमत नाही, कारण त्यात दोन्ही चित्रं सारखीच फिकी पडतात.

ग्रेन, म्हणजे फिल्मवर दिसतात तसे बारीक दाणे, घालायचा तर मधल्या राखाडीवरची ग्रेनची क्लिप, वर ठेवून ओव्हरले. अगदी काळ्यात आणि अगदी पांढऱ्यात तो दिसणार नाही. बिघाड समजू नका, ओव्हरलेचं गणितच तसं आहे. आणि ओव्हरलेत वरचा-खालचा लेयर अदलाबदल केलात तर त्याचा हार्ड लाइट नावाचा मोड होतो. मल्टिप्लाय आणि स्क्रीनला क्रमाने फरक पडत नाही.

32 बिट फ्लोटमध्ये काम करणाऱ्यांसाठी: तिथे किमती 1 च्या वर जातात. स्क्रीनच्या सूत्रात दोन्हीकडे 2 घालून बघा. उलटे केले की उणे 1 आणि उणे 1, गुणाकार 1, परत उलटा केला की 0. दोन भगभगीत दिवे एकत्र आले आणि अंधार! तिथे ॲड वापरा, सरळ बेरीज.

हो, दिसली चिठ्ठी. शेवटचं, डिफरन्स, म्हणजे दोन चित्रांतला फरक तेवढा दाखवणारा मोड. एकाच शॉटच्या दोन प्रती एकावर एक तंतोतंत बसवायच्या असतील तर वरच्या प्रतीला डिफरन्स लावा आणि एकेक फ्रेम सरकवत राहा. कडा चमकतायत तोवर सरकवायचं. पडदा सगळा काळा झाला की बसल्या. मग मोड परत नॉर्मल करायला विसरू नका. मी एकदा तो काळा पडदाच एक्सपोर्ट करून पाठवलाय. त्याची तारीफ मात्र कुणी केली नाही.