घोड्यांसोबत मुक्काम: ब्राऊन काउंटी, इंडियाना

(दृश्य: हायवे, एकामागे एक ट्रेलर)

शुक्रवारची दुपार, ऑक्टोबर महिना. ह्या प्रत्येक ट्रेलरमधे पुढच्या भागात माणसांचा पलंग आणि छोटंसं किचन आहे, आणि मागच्या भागात दोन नाहीतर तीन घोडे. सगळे चाललेत ब्राऊन काउंटी स्टेट पार्कला, अमेरिकेच्या इंडियाना राज्यातलं सगळ्यात मोठं स्टेट पार्क, जवळपास 16 हजार एकर.

शेजारीच कोलंबस गाव आहे. तिथे पुण्यातही असलेल्या, इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीचं मुख्य ऑफिस, त्यामुळे पुण्याची बरीच मंडळी तिथे स्थायिक आहेत आणि ती दरवर्षी ह्याच दिवसांत पानांचे रंग बघायला पार्कात येतात, फोटो काढतात, लॉजमधे जेवतात आणि घरी जातात. पण ते येतात मेन गेटने. घोडेवाल्यांचं गेट वेगळं आहे, दक्षिणेकडे, 135 नंबरच्या रस्त्यावरून आत, त्यामुळे वर्षानुवर्षं येऊनही कित्येकांना माहीतच नसतं की ह्याच जंगलात घोड्यांसाठी दोनशेच्या आसपास जागांचा कॅम्प आहे आणि घोड्यांच्या ट्रेल्स जवळपास 70 मैल.

(दृश्य: उघड्या टेकड्यांचे जुने फोटो)

आणि हे जंगल असं आधीपासून नव्हतं बरं का. शंभर वर्षांपूर्वी ह्या टेकड्या जवळजवळ बोडक्या होत्या. आधी लाकडासाठी झाडं तोडली, मग उतारावर शेती केली, पावसाने माती धुऊन नेली, शेवटी शेतकरीच जागा सोडून जायला लागले. 1929 साली इथे पार्क झालं. मग 1930 च्या दशकात, मंदीच्या काळात, सरकारच्या सीसीसी, म्हणजे बेकार तरुणांना जंगल-मातीची कामं देणाऱ्या योजनेतली पोरं इथे राहायला आली आणि त्यांनी रस्ते केले, डोंगरकड्यावरचे निवारे बांधले, माती धरून ठेवायला काळा अक्रोड, लोकस्ट, पाईन अशी झाडं लावली. आज ट्रेलवर घोड्याच्या कानांमधून जे दाट जंगल दिसतं त्यात त्या पोरांचे कष्ट आहेत. ह्याच्यावर खरं तर वेगळा व्हिडिओ व्हायला हवा.

(दृश्य: ट्रेलरचं दार उघडतं, तपकिरी घोडी मागे मागे पाऊल टाकत उतरते)

तंबू नंतर, चहा नंतर, पहिलं काम पाण्याचं. साधारण साडेचारशे किलोचा घोडा दिवसाला 20 ते 40 लिटर पाणी पितो, पण अनोळखी पाणी बघून तो नाक मुरडतो, पुण्याच्या पाहुण्याला दुसऱ्या गावचा चहा दिल्यावर होतं तसंच. हे बघा, बादलीत तोंड घातलं, ओठ नुसते भिजवले आणि मान वर. घोडा पाणी प्यायला नाही की पोटशूळ उठायची भीती, आणि घोड्याचा पोटशूळ म्हणजे चेष्टा नाही, जीव जाऊ शकतो. म्हणून जाणती माणसं घरचंच पाणी पिंपात भरून आणतात, नाहीतर बादलीत थोडा सफरचंदाचा रस ओततात. ह्या बाईंनी ओतला. आता बघा.

(इथे निवेदन नको. घोडी पाणी पिते तो आवाज पूर्ण राहू दे.)

मग वैरण. दिवसाला आठ-नऊ किलो गवत एका घोड्याला, म्हणजे दोन घोडे आणि तीन दिवस म्हटलं की अर्धा क्विंटल गवत नुसतं गाडीत. आणि जेवढं आत जातं तेवढंच, किंबहुना जास्तच, लीद होऊन बाहेर येतं. फावडं आणि ढकलगाडी ह्या दोन वस्तू विसरलात तर कॅम्पात तुमच्याशी कोणी नीट बोलणार नाही.

(दृश्य: लाल मेपल, खाली पडलेला पानांचा सडा)

हा शॉट सगळ्यांना आवडतो. पण घोडेवाला माणूस हे बघून आधी दावण कुठे आहे ते बघतो. लाल मेपलची हिरवी ताजी पानं सहसा त्रास देत नाहीत, पण तीच तुटून कोमेजली, वाळली की घोड्याला विष. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी गडद तपकिरी होते, आणि किलोभर पानंसुद्धा जीवावर बेतू शकतात. वादळात मोडून पडलेली फांदी सगळ्यात वाईट, कारण पानं जागच्या जागी सुकतात आणि घोडा बांधलेला, कंटाळलेला, समोर येईल ते चावत बसतो. म्हणून ही मुलगी खराटा घेऊन पानं लोटतेय. शोभा घालवतेय असं वाटेल, वाटू दे.

(दृश्य: दोन झाडांमधे दोर बांधताना, हातांचा क्लोजअप)

शनिवारी आम्ही शेजारच्या हूजियर नॅशनल फॉरेस्टमधे गेलो, चार्ल्स डीम विल्डरनेसमधे, म्हणजे मुद्दाम रानटीच राखलेल्या भागात. इथे विजेचे खांब नाहीत की काही नाही, रात्री घोडा बांधायचा तर आपणच दावण घालायची. नीट बघा, कारण इथेच लोक आळस करतात. आधी दोन्ही झाडांना रुंद पट्टे, दोर थेट सालीवर घालायचा नाही. मग घोड्याच्या डोक्याच्याही वर, सात-एक फुटांवर, दोर ताणून. त्याला घोडा असा बांधायचा की तोंड जमिनीपर्यंत नेता यावं पण पाय दोरीत अडकू नये, आणि गाठ अशी की एका झटक्यात सुटली पाहिजे. झाडालाच बांधला तर? रात्रभर खुरांनी मुळं उकरतो, साल कुरतडतो, आणि साल चहूबाजूंनी गेली की ते झाड गेलंच समजा. जागा झऱ्यापासून किमान 200 फूट लांब. निघताना लीद पसरून टाकायची, उकरलेली माती पायाने सारखी करायची. ही दहा मिनिटांची कामं आहेत हो.

(दृश्य: ट्रेलवर चार घोडे, समोरून चालणारं जोडपं)

समोरून घोडा आला की चालणाऱ्यांनी थांबायचं, शक्यतो उताराच्या बाजूला उभं राहायचं आणि तोंडाने काहीतरी बोलायचं. घोड्याला बोलणारा तो माणूस, गप्प उभा तो वाघ. ह्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत आहे, म्हणजे तो लाथ मारतो, अंतर ठेवा.

ओल्या मातीत टापांनी ट्रेल खचते, चिखल होतो, माती ओढ्यात जाते, त्याच्यावरून तक्रारीही आहेत. पाऊस झाल्यावर एखाद-दोन दिवस थांबलेलं बरं.

(दृश्य: रविवार, सामान आवरणं)

लीद ठरलेल्या जागी, उरलेलं गवत परत गाडीत. सरपण घरून आणायचं नाही, निदान साल असलेलं तरी नाहीच, कारण 2004 पासून इंडियानात अ‍ॅश झाडं पोखरणारा किडा आहे आणि तो लाकडातून फिरतो. आणि ज्यांच्याकडे घोडा नाही, म्हणजे आपण बहुतेक सगळे, त्यांच्यासाठी पार्काचा स्वतःचा तबेला आहे, पैसे भरून गाईडसोबत फेरी मारता येते. कोलंबसवाल्यांनो, पुढच्या वेळी लॉजमधे जेवायच्या आधी तिकडे जाऊन या.