भूल उतरल्यानंतर

(दृश्य: पाऊस. चुलीवर पेजेचं भांडं.)

पेज ओतताना हात भाजला की कोकणातल्या घरात फडताळातली कोकमतेलाची वडी निघते. ऊन करून लावायची. तळकोकणात त्यालाच भिरंडेल म्हणतात. खरं तर आधी वीस मिनिटं हात वाहत्या गार पाण्याखाली धरायला हवा, पण आजीपुढे कोण बोलणार! टाचांच्या भेगांवर याचा गुण येतो हे घरोघरी पाहिलंय. भाजलेल्यावर येतो का?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका फार्मसी कॉलेजात एका विद्यार्थिनीला नेमकं हेच तपासायचंय.

(दृश्य: जांभ्याची इमारत. ॲनिमल हाउसचं दार.)

तपासायचं तर जखम हवी. विस्टार या प्रयोगशाळेतल्या मोठ्या जातीच्या उंदराला भूल द्यायची, पाठीवरचे केस काढायचे आणि साच्यातून दिसेल तेवढीच कातडी गरम पाण्यानं भाजायची. सगळ्यांची जखम एकाच मापाची व्हावी म्हणून वॉकर आणि मेसन यांनी 1968 साली ही पद्धत मांडली. भाजताना उंदराला कळत नाही. प्रश्न सुरू होतो तो भूल उतरल्यावर.

"मॅडम, दुखणं थांबवायला ब्युप्रेनॉर्फिन दिलं तर निकाल बिघडतील ना?" विद्यार्थिनीनं विचारलं.

प्रश्न खुळा नाही. हे अफूच्या कुळातलं औषध. ही औषधं दुखणं शमवतात, तशी प्रतिकारशक्तीही दाबू शकतात. मॉर्फीन जास्त, ब्युप्रेनॉर्फिन त्या मानानं कमी. आणि भाजण्यावरच्या संशोधनात बघायचं असतं ते हेच: सूज, जंतुसंसर्ग, पेशींची धावपळ. या धास्तीनं अनेक संशोधकांनी उंदरांना काहीच दिलं नाही. शिवाय एक सोयीची सबब होतीच. खोल भाजलं की मज्जातंतूंची टोकंच जळतात, मग दुखणार काय? जखमेच्या मधोमध असेलही तसं. पण काठाला कातडी अर्धवट भाजलेली असते, आणि ती ठणकते.

मॅडम म्हणाल्या, "अगं, दुखणंही औषधासारखंच काम करतं. फक्त त्याचा डोस आपण ठरवत नाही."

दुखणाऱ्या उंदराच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक चढतं. तो खात नाही, वजन उतरतं, जखम रेंगाळते, प्रतिकारशक्ती तिथेही दबतेच. मग औषध न दिलेला उंदीर कोरा कसा मानायचा? आणि ज्या माणसासाठी हा सगळा खटाटोप, तो भाजून आला की चांगल्या वॉर्डात त्याला अफूवर्गातलंच औषध मिळतं. तेव्हा कोकमतेल लावलेला गट असो की न लावलेला, दोघांना तेच औषध, त्याच वेळी, तेवढंच. आणि प्रबंधात तसं स्पष्ट लिहायचं.

कायद्याचंही तेच म्हणणं आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राण्यांच्या छळाचा विषय लावून धरला आणि 1960 चा कायदा आला. प्रयोगात प्राण्याला वेदना होऊ नयेत म्हणून भूल द्यावी, हे त्यातच आहे. आज कॉलेजच्या नैतिकता समितीपुढे अर्ज ठेवताना दुखणं कसं आवरणार, ते आधी लिहून द्यावं लागतं.

लिहिणं सोपं. औषध मिळवणं हा वेगळा ताप. ब्युप्रेनॉर्फिन 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं. त्या कायद्याच्या धाकानं रुग्णालयांतूनसुद्धा मॉर्फीन दुर्मीळ झालं होतं. 2014 च्या दुरुस्तीनं वाट जरा मोकळी झाली. इथं कुपी कपाटात, कपाटाला कुलूप आणि थेंबाथेंबाचा हिशेब नोंदवहीत.

(दृश्य: सुईच्या टोकावर थेंब.)

खरं तर पुरता थेंबसुद्धा नाही. उंदीर 250 ग्रॅमचा. किलोला 0.05 मिलिग्रॅम धरलं तर त्याच्या वाट्याला 0.0125 मिलिग्रॅम. कुपीत मिलीलिटरला 0.3 मिलिग्रॅम असतं, म्हणजे टोचायचं 0.04 मिलीलिटर. एवढं सिरिंजमध्ये नीट मोजणं कठीण, म्हणून सलाइन घालून पातळ करतात. असर आठ ते बारा तास. एका टोचणीत तीन दिवस पुरणारे प्रकारही निघालेत, पण इथल्या कपाटात साधी कुपीच आहे. त्यामुळे रात्रीची फेरी आली.

(दृश्य: रात्र, वीज गेलेली. लाल बॅटरी.)

उंदीर हा शिकार होणारा जीव, दुखणं लपवण्यात तरबेज. पण चेहरा बोलतो. 2010 मध्ये मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी छोट्या पांढऱ्या उंदरांसाठी आणि पुढच्या वर्षी या मोठ्या उंदरांसाठी चेहरा वाचायची पट्टी मांडली. डोळे किती मिटलेत, कान कसे वळलेत, मिशा ताठ आहेत का.

"ताई, तीन नंबरचा तूस खातोय बघा," पिंजरे सांभाळणारे काका म्हणाले.

डोळे उघडे, कान नीट. दुखतंय असं दिसत नाही. पण ब्युप्रेनॉर्फिननं उंदीर कधी कधी भलतंच चघळायला लागतात, बिछायतसुद्धा. पोटात गेलं तर अडकायचं. तिनं पिंजऱ्यातला भाताचा तूस काढला, कागदाच्या पट्ट्या घातल्या आणि बॅटरी दातात धरून वहीत लिहिलं: तीन नंबर, रात्री 2.10, तूस बदलला.